उकळी आणली, तरी जेवण का बाधतं?

वैशाखातलं लग्न. मिरजेजवळच्या एखाद्या गावात सकाळी नऊलाच बासुंदी आणि मसालेभात तयार असतो. मुहूर्त साडेबाराचा, पण मानपान आणि सत्कार होता होता पहिली पंगत बसते दोनला. संध्याकाळी पाचच्या सुमारास मांडवामागं कुणीतरी उलटी करतं. मग दुसरा, मग एकाच घरातली तीन पोरं. कुणी म्हणतं ऊन लागलं, कुणी म्हणतं जेवण बाधलं. आचारी मात्र शपथेवर सांगतो, वाढायच्या आधी सगळ्याला पुन्हा खळखळून उकळी आणली होती.

तो बहुतेक वेळा खरंच सांगत असतो. घोटाळा होतो तो त्या उकळीच्या आधीच्या चार-पाच तासांत.

साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात अन्नातले जंतू वाढतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, कोमट पातेल्यात, काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे एकाचे चार तासांत ४,०९६, आणि सात तासांत वीस लाखांच्या वर. यातला स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू आपल्या नाकात, कातडीवर आणि पिकलेल्या जखमेत राहतो. खवा मळणाऱ्या बोटावरून तो दुधाच्या पदार्थात उतरतो आणि वाढता वाढता विष सोडतो. उकळीनं जंतू मरतो, पण हे विष उकळीला दाद देत नाही. पदार्थाचा वास-चव बिघडलेली नसते, त्यामुळे चाखून काहीच कळत नाही.

हे कळलं ते एका गाईच्या दुधावरून. १९१४ साली फिलिपाइन्समध्ये एम. ए. बार्बर या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की एका गोठ्यातलं ताजं दूध निर्धोक असतं, पण तेच काही तास बाहेर राहिलं की माणसं आजारी पडतात. गाईला कासेचा आजार होता, आपले शेतकरी ज्याला दगडी म्हणतात तो. दुधातला जंतू वेगळा काढून, चांगल्या दुधात वाढवून बार्बरनं ते स्वतः प्यायलं आणि तो आजारी पडला. सांगली-साताऱ्यासारख्या दुधाच्या मुलखात ही गोष्ट घराघरांत माहीत असायला हवी.

भाताची गोष्ट याच जातीची. बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची कवचात झोपलेली रूपं, भात शिजला तरी जिवंत राहतात. भात झाकून तसाच कोमट ठेवला की ते रुजतात, आणि त्यांचं उलटी आणणारं विषही फोडणीनं जात नाही. यात्रेतल्या मटणाच्या मोठ्या पातेल्यात वेगळा जंतू असतो. पातेलं आतून सावकाश निवतं, तळाशी हवा नसते, आणि हवेविना वाढणाऱ्या परफ्रिंजन्सला तेच मानवतं. उलट भडंग कोरडं, म्हणून टिकतं. कंदी पेढ्यातला खवा भाजून आटवलेला असतो, त्यात साखर, त्यामुळे जंतूला लागणारं पाणीच कमी उरतं.

म्हणून घड्याळ बघायचं. जेवल्यावर तासाभरात ते सहा तासांत उलट्या लागल्या, तर बहुधा अन्नात तयार असलेलं विष. आठ-दहा तासांनी मुरडा आणि जुलाब, तर परफ्रिंजन्सचा संशय. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तापासकट जुलाब, तर साल्मोनेलासारख्या जंतूचा संसर्ग. शेवटचं जेवणच दोषी असेल असं नाही.

बहुतेकांना एक-दोन दिवसांत आराम पडतो. जीव जातो तो मुख्यतः अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यानं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चारच्या खाली आलं. आतड्यात ग्लुकोज मिठाला सोबत नेतं आणि त्यांच्यामागे पाणी जातं, एवढंच त्यामागचं गणित. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमचा-चमचा द्या. गोड शीतपेयं टाळा, जास्त साखरेनं जुलाब वाढतात.

पण घरी थांबायचं कधी नाही, हे पक्कं असू द्या. शौचात रक्त, १०२ फॅरनहाइटच्या वर ताप, पाण्याचा घोटही न टिकणं, सहा-आठ तास लघवी नाही, उठताना चक्कर, तीन दिवसांनीही न थांबणारे जुलाब, यांपैकी काहीही दिसलं की दवाखाना गाठा. तान्हं बाळ, गरोदर बाई, म्हातारी माणसं, मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्या बाबतीत एवढीही वाट पाहू नका. बाळाचे डोळे खोल गेले, रडताना पाणी येत नाही, ते सुस्त पडलं, तर लगेच निघा. पापण्या जड होणं, एकाचे दोन दिसणं, गिळता न येणं किंवा भान हरपणं असेल तर थेट १०८ ला फोन करा. ताप किंवा रक्त असताना जुलाब बंद करणारी गोळी दुकानातून आणून घेऊ नका. लहान मुलांना तर ती कधीच देऊ नका.

एकाच पंगतीतले अनेकजण आजारी पडले तर प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा आणि उरलेलं अन्न फेकू नका, तपासणीला लागतं. डॉक्टरांना काय खाल्लं, किती वाजता खाल्लं आणि पहिली उलटी किती वाजता झाली, हे सांगा.