वाय-फाय कॉलिंग की व्हॉट्सॲप कॉल? स्वस्त रिचार्ज मारण्याआधी

"घरात वाय-फाय आहे, फोनमध्ये वाय-फाय कॉलिंगही चालू केलंय. मग एवढा रिचार्ज कशाला भरायचा?" हा प्रश्न हल्ली सोसायटीच्या बाकावर हमखास निघतो, आणि विचारणारे बहुतेक निवृत्त, हिशेबी गृहस्थ असतात. गंमत अशी की यावर "बरोबर आहे तुमचं" म्हणणारेही भेटतात आणि "काहीतरीच काय" म्हणणारेही, आणि दोघांच्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक जण वाय-फाय कॉलिंगबद्दल बोलत असतो, दुसरा व्हॉट्सॲप कॉलबद्दल. दोन्ही कॉल वाय-फायवरूनच जातात, म्हणून ते एकच वाटतात. पैशाचा हिशेब मात्र दोघांचा पूर्ण वेगळा आहे.

वाय-फाय कॉलिंग हा तुमच्या मोबाइल कंपनीचाच कॉल असतो. एरवी फोन टॉवर गाठतो. वाय-फाय कॉलिंग चालू असेल आणि रेंज कमी असेल, तर तो घरच्या ब्रॉडबँडवरून कंपनीच्या यंत्रणेपर्यंत एक एन्क्रिप्टेड, म्हणजे मधल्या कुणाला ऐकता न येणारा, मार्ग उघडतो, तुमच्या सिमची ओळख पटवतो आणि तिथून पुढे कॉल नेहमीच्याच वाटेने जातो. वेगळं ॲप लागत नाही, डायलपॅड नेहमीचाच. समोरच्याला तुमचा नेहमीचा नंबर दिसतो. त्याच्याकडे वाय-फाय नसलं तरी बिघडत नाही, लँडलाइन असली तरी चालते. भारतात ही सोय एअरटेलने डिसेंबर 2019 मध्ये दिल्ली परिसरात सुरू केली, पाठोपाठ जानेवारी 2020 मध्ये जिओने. व्होडाफोन-आयडियाने ती डिसेंबर 2020 मध्ये आणली, आणि सुरुवात ज्या मोजक्या सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल सेवेच्या विभागांत, केली त्यात महाराष्ट्र-गोवा होतं. बीएसएनएलची सेवा देशभर आली ती थेट जानेवारी 2026 मध्ये.

व्हॉट्सॲप कॉलशी मोबाइल कंपनीचा काहीच संबंध नाही. दोन्हीकडे तेच ॲप हवं, दोन्हीकडे त्या क्षणी इंटरनेट हवं, बस. नंबर लागतो तो खातं उघडण्यापुरता.

आता फरक कुठे उघडा पडतो ते बघा. समजा रिचार्जची मुदत संपली. आउटगोइंग लगेच बंद, काही दिवसांनी इनकमिंगही बंद. वाय-फाय कॉलिंगही त्याबरोबर गेलं, कारण तो कंपनीचाच कॉल आणि कंपनीच्या लेखी तुमचा प्लॅन संपलेला. घरात 100 एमबीपीएसचं कनेक्शन असो नाहीतर 300 चं, काही उपयोग नाही. व्हॉट्सॲप मात्र घरच्या वाय-फायवर बिनदिक्कत चालू राहतं. यावरूनच पुष्कळांनी निष्कर्ष काढला की मग रिचार्जच नको.

इथे सांभाळून. नंबर 90 दिवस वापरात नसेल आणि खात्यात किमान 20 रुपयेही नसतील, तर कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे दुसऱ्याला देऊ शकते. त्या दुसऱ्या माणसाने त्याच नंबरवर व्हॉट्सॲप सुरू केलं की तुमचं खातं तुमच्या फोनवरून गेलं. शिवाय दूरसंचार विभागाने नोव्हेंबर 2025 मध्ये मेसेजिंग ॲपना सूचना दिल्या आहेत की ज्या सिमवर खातं उघडलं ते सिम फोनमध्ये चालू असायला हवं. म्हणजे "सिम मेलं तरी व्हॉट्सॲप आहेच" या भरवशावर राहण्याचे दिवस तसेही संपत आले आहेत. आणि बँकेचा ओटीपी? तो येणार सिमवरच. आधार, गॅस, पेन्शन, डीमॅट, सगळं त्याच नंबराला बांधलेलं. नंबर जिवंत ठेवणं हा खर्च टाळता येत नाही, तो फक्त कमी करता येतो.

तो कमी करण्याची वाट ट्राय या दूरसंचार नियामकाने 23 डिसेंबर 2024 च्या नियमदुरुस्तीने मोकळी केली. प्रत्येक कंपनीने किमान एक तरी रिचार्ज असा द्यायचा, ज्यात फक्त कॉल आणि एसएमएस असतील, डेटा नसेल. आणि अशा व्हाउचरची मुदत 90 ऐवजी 365 दिवसांपर्यंत ठेवायला परवानगी. त्यानंतर जानेवारी 2025 मध्ये हे प्लॅन बाजारात आले. एअरटेलचे त्या वेळचे दर 84 दिवसांना 469 रुपये आणि वर्षाला 1,849. त्याच सुमारास रोज दीड जीबी डेटा देणारा 84 दिवसांचा प्लॅन 859 ला होता. वर्षाचा हिशेब मांडला तर डेटावाल्याला साधारण 3,730 रुपये लागत होते, बिनडेटावाल्याला 1,849. माणशी जवळपास 1,880 रुपये वाचत होते. आजचे दर ॲपमध्ये पाहून घ्या. हे प्लॅन तिथे पहिल्या पानावर सापडत नाहीत, जरा खाली खाली जावं लागतं, आणि ते का हे सांगायला नको.

लक्षात घ्या, ही बचत वाय-फाय कॉलिंगने केलेली नाही. ती डेटा सोडल्याने झाली. वाय-फाय कॉलिंग चालू केल्याने आपल्याकडे एक रुपयाही वाचत नाही, कारण 2016 मध्ये जिओ आल्यापासून देशातले कॉल प्लॅनच्या किमतीतच अमर्याद धरलेले असतात. जे आधीच भरलंय ते कॉल कुठल्या मार्गाने गेला यावर कमी-जास्त होत नाही.

अमेरिकेत ही गोष्ट उलटी होती, आणि तिथल्या नातेवाइकांकडून ऐकलेल्या गोष्टींमुळेच कदाचित इकडे हा गैरसमज रुजला असावा. नॉर्थ कॅरोलायनातल्या रिपब्लिक वायरलेस या कंपनीने नोव्हेंबर 2011 मध्ये महिना 19 डॉलरचा प्लॅन काढला. फोन आधी वाय-फाय शोधणार, नाही सापडलं तरच मोबाइल नेटवर्क वापरणार. तिचं स्वतःचं नेटवर्क नव्हतं. ती स्प्रिंट या कंपनीचं नेटवर्क भाड्याने घेत असे. ग्राहक जितका जास्त वाय-फायवर राहील तितकं भाडं कमी, आणि त्या वाचलेल्या भाड्यातून प्लॅन स्वस्त. 2013 मध्ये तर त्यांनी 5 डॉलरचा प्लॅन आणला, ज्यात कॉल आणि मेसेज निव्वळ वाय-फायवर. घराबाहेर पडलात की फोन मुका. 2021 मध्ये ही कंपनी डिश नेटवर्कने घेतली. आपल्या मोठ्या कंपन्यांचं नेटवर्क त्यांचं स्वतःचं आहे, तुमचा कॉल वाय-फायवर गेला म्हणून त्या कुणाला भाडं द्यायचं वाचवत नाहीत. मग सवलत कशाची देणार?

तर मग वाय-फाय कॉलिंग कशासाठी? रेंजसाठी. सिंधुदुर्गात डोंगराच्या कुशीतलं चिऱ्याचं घर, जिथे फोन लागावा म्हणून माणसं अंगणाच्या एका ठरावीक कोपऱ्यात जाऊन उभी राहतात, पुण्यातल्या टॉवरमधला दोन काँक्रीटच्या भिंतींमधला बेडरूम, तळघरातलं दुकान. अशा जागी केबलवाल्याचं फायबर पोचलेलं असतं, पण टॉवर पोचत नाही. तिथे ही सोय वरदान आहे, आणि सेटिंगमध्ये एक बटण दाबण्यापलीकडे तिला काही लागत नाही. डेटाही फार खात नाही. पाच मिनिटांच्या कॉलला पाच एमबीच्या आतबाहेर.

बिनडेटाच्या प्लॅनवर या दोन कॉलमधला फरक सगळ्यात नीट कळतो तो दाराबाहेर पडताना. व्हॉट्सॲपवर बोलत बोलत चपला घालून निघालात, तर लिफ्टपर्यंत आवाज येतो, दुसऱ्या मजल्यावर तुटक होतो, आणि पार्किंगमध्ये पडद्यावर "रीकनेक्टिंग" फिरत राहतं. वाय-फाय सुटलं आणि पुढे धरायला मोबाइल डेटा नाही. तोच कॉल वाय-फाय कॉलिंगवरचा असेल, तर वाय-फाय सुटताना फोन तो ४जीवर ढकलतो; बोलणाऱ्याला बहुतेक वेळा पत्ताही लागत नाही. ४जीवरचा कॉल, ज्याला कंपन्या व्होल्टी म्हणतात, त्याला डेटा पॅक लागत नाही. मोबाइल डेटाचं बटण बंद असलं तरी तो लागतो. हे अनेकांना खरं वाटत नाही, पण आहे असंच. लिफ्टमध्ये वाय-फायही नाही आणि रेंजही नाही, अशी स्थिती असेल तर मात्र दोन्ही कॉल तुटणार.

आणखी एक: 112, सायबर फसवणुकीचं 1930, वीज गेल्यावरचं 1912, बँकेचे 1800 वाले नंबर. यांतल्या एकालाही व्हॉट्सॲपवरून फोन लागत नाही. दुसऱ्या बाजूला, परदेशी फोन करायचा तर वाय-फाय कॉलिंगचा मोह धरू नका. न्यू जर्सीतल्या मुलीला डायलपॅडवरून फोन केलात तर तो घरच्या वाय-फायवरून गेला तरी आयएसडीच, आणि आयएसडीचे पैसे वेगळे. तिथे व्हॉट्सॲपच बरं. दुबईतल्या भाच्याचं मात्र वेगळं. तिकडे व्हॉट्सॲपचे कॉल रोखलेले आहेत, त्यामुळे तिथली मंडळी बोटिमसारखं परवाना असलेलं ॲप वापरतात.

बिनडेटाच्या प्लॅनची खरी किंमत कॉलमध्ये नाहीच, ती बाजारात मोजावी लागते. मेथीची जुडी घेतली, भाजीवालीने क्यूआर कोड पुढे केला, आणि तुमच्या फोनवर चक्र फिरतंय. खिशात सुटे पैसे ठेवायची सवय मोडलेल्या माणसाला हा प्रकार आठवड्यात नको होतो. *99# डायल करून इंटरनेटशिवाय यूपीआय करता येतं, पण मागे रांग असताना आकडे दाबत मेन्यूतून जायचं म्हणजे धीर हवा. रिक्षाचं ॲप, एसटीचं तिकीट, नकाशा यांचं तसंच. स्टेशनवर रेल्वेच्या रेलटेल कंपनीचं वाय-फाय असतं, पहिला अर्धा तास फुकट, आणि त्यात शिरायला लागणारा ओटीपी एसएमएसने येतो म्हणून तेवढं जमतं. त्या वाय-फायवर वाय-फाय कॉलिंगही लॉगिन पूर्ण होईपर्यंत सुरू होत नाही. फलाटावर उभं राहून कुणी ते करत बसेल असं मला वाटत नाही.

आणि वीज. रेंज नसलेल्या घरात सगळी भिस्त राउटरवर असते. लाइट गेली की राउटर गेला, राउटर गेला की वाय-फाय कॉलिंग आणि व्हॉट्सॲप दोन्ही एकदम. घरात वयस्कर माणूस एकटं राहत असेल, तर राउटरला जोडायचा छोटा यूपीएस घेतल्याशिवाय हा बेत करू नये. इन्व्हर्टर असेल तर राउटरचा प्लग त्यावर आहे की नाही तेवढं बघा. बऱ्याच घरांत तो नसतो.

हिशेबाची दुसरी बाजूही राहिली. फक्त मोबाइलचा रिचार्ज वाचवायला म्हणून ब्रॉडबँड घेत असाल तर ते तोट्याचं आहे. महिना 399 चं कनेक्शन 18 टक्के जीएसटीसह 471 पर्यंत जातं, वर्षाला साडेपाच हजारांच्या वर. एका माणसाचे 1,880 वाचवायला साडेपाच हजार घालण्यात अर्थ नाही. तेच घरात चार फोन आहेत, टीव्हीसाठी किंवा मुलांच्या अभ्यासासाठी कनेक्शन आधीपासून आहे, तर गोष्ट निराळी. आजी-आजोबांचे दोन्ही फोन डोळे झाकून बिनडेटाच्या वार्षिक प्लॅनवर टाका. ते फिरायला जातात तेव्हा त्यांना कॉल लागला पाहिजे, रील नको. गृहिणींनो आणि गृहस्थांनो, बाजारहाट ज्याच्याकडे आहे त्याच्या फोनवर डेटा राहू द्या. कॉलेजात जाणाऱ्याशी या विषयावर वाद घालण्यात वेळ दवडू नका. नोकरदाराचं त्याच्या प्रवासावर ठरेल. घरून काम करणाऱ्याला जमण्यासारखं आहे, लोकलने तीन तास घालवणाऱ्याला नाही. एखाद्या दिवशी बाहेर लागलंच, तर डेटाचं छोटं व्हाउचर वरून टाकता येतं.

प्लॅन बदलण्याआधी घरीच एक चाचणी करून घ्या. सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका, आणि मग फक्त वाय-फाय पुन्हा चालू करा. आता टॉवरचा काही संबंध उरला नाही. थोड्या वेळात वरच्या पट्टीत वाय-फाय कॉलिंगचं चिन्ह दिसायला हवं. दिसत नसेल तर एक तर फोनचं मॉडेल कंपनीच्या यादीत नाही, नाहीतर सॉफ्टवेअर जुनं आहे, किंवा राउटर तो मार्ग अडवतोय. दिसलं तर घरातल्या लँडलाइनवर किंवा दुसऱ्या कंपनीच्या नंबरवर फोन लावून बघा, तिकडून परत लावायला सांगा. मग बँकेचं ॲप उघडून एक ओटीपी मागवा. फोन लागला आणि ओटीपी आला नाही, असंही होतं. तसं झालं तर रेंज नसलेल्या घरात ओटीपीसाठी अंगणातला तो कोपरा गाठावा लागणार, हे आधीच कळलेलं बरं. सगळं जमलं की मोबाइल डेटा बंद करून दोन-चार दिवस नेहमीसारखे काढा, बाजारही करा, बँकेतही जाऊन या. वर्षभराचे पैसे एकदम भरायचे आहेत, आणि मारलेला रिचार्ज परत मिळत नाही.