रेडिओ-नियंत्रित घड्याळ : घरात क्षीण संकेत पकडणे

दीर्घतरंगी केंद्रावरून येणारा वेळेचा संकेत घेऊन आपली वेळ आपणच लावणारे घड्याळ म्हणजे रेडिओ-नियंत्रित घड्याळ. आण्विक घड्याळ असते ते केंद्रावर. भिंतीवरच्या डब्यात साधे क्वार्ट्झ यंत्र आणि छोटा रिसीव्हर एवढेच असते. अमेरिकेत हा संकेत कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्सजवळच्या डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी केंद्रावरून 60 किलोहर्ट्झवर येतो. जर्मनीत माइनफ्लिंगेनचे डीसीएफ77 केंद्र 77.5 वर, ब्रिटनमध्ये अँथॉर्नचे एमएसएफ 60 वर, तर जपानमधील जेजेवाय 40 आणि 60 किलोहर्ट्झवर चालते. येथे मुख्यतः डब्ल्यूडब्ल्यूव्हीबीचा विचार केला आहे. पद्धत सगळीकडे तीच.

संकेत फार सावकाश येतो: सेकंदाला एक बिट. दर सेकंदाच्या आरंभी केंद्र आपली शक्ती 17 डेसिबलने खाली आणते. ती 0.2 सेकंद खाली राहिली तर शून्य, 0.5 सेकंद राहिली तर एक आणि 0.8 सेकंद राहिली तर खुणेचा ठोका. तास, दिवस, वर्ष हे सगळे जुळायला पूर्ण मिनिट लागते आणि बहुतेक घड्याळे लागोपाठ दोन-तीन मिनिटे एकमेकांशी जुळल्याशिवाय वेळ स्वीकारत नाहीत. मधेच काही सेकंद खरखर झाली की ते मिनिट वाया जाते. म्हणून संकेत किती जोरात येतो यापेक्षा तो भोवतालच्या गोंगाटातून किती वर राहतो, हे जास्त महत्त्वाचे. बूस्टर शोधण्याआधी घड्याळाची जागा बदलून पाहावी ती याचसाठी.

जागा आणि दिशा

घड्याळात अँटेना म्हणून काही सेंटिमीटर लांबीची फेराइट दांडी असते, तिच्यावर बारीक तारेचे वेढे. दांडीची लांब बाजू केंद्राकडे असली की संकेत सर्वांत चांगला मिळतो. टोक केंद्राकडे झाले की जवळपास नाहीसाच होतो. भिंतीवरच्या घड्याळात दांडी बहुधा भिंतीला समांतर, आडवी बसवलेली असते. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यू जर्सीतून फोर्ट कॉलिन्स सुमारे 2,600 किलोमीटर, जवळजवळ सरळ पश्चिमेला आहे. तेव्हा घड्याळ पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीवर टांगावे, उत्तर-दक्षिण भिंतींवर नको. शंका असल्यास मागचे झाकण काढून दांडी कशी बसवली आहे ते पाहावे.

घराचे बांधकामही आड येते. सळयांचे काँक्रीट, पत्र्याचे आवरण, प्लास्टरखालची तारेची जाळी, ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेले इन्सुलेशन, फ्रिजचे दार या सगळ्यांनी संकेत अडतो. लाकडी सांगाड्याच्या घरात हा त्रास बराच कमी. तळघर टाळावे, खिडकीजवळची जागा बरी.

रात्री आयनांबराचा (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागाचा) संकेत शोषून घेणारा खालचा थर विरतो आणि संकेत दूरवर पोहोचतो. म्हणून घड्याळे मध्यरात्रीनंतर आपणहून शोध घेतात. नव्या घड्याळाला दुपारी बटण दाबून घाई करण्यात अर्थ नाही. बॅटरी काढून काही मिनिटांनी नवी अल्कलाइन बॅटरी घालावी, टाइम झोन निवडावा आणि घड्याळ दोन-तीन रात्री खिडकीत राहू द्यावे. एकदा वेळ लागली की मग नेहमीच्या जागी हलवावे. तिथे एखादी रात्र संकेत चुकला तरी क्वार्ट्झ वेळ सांभाळतो.

पूर्व किनाऱ्यावर आणखी एक अडचण आहे: ब्रिटनचे एमएसएफही 60 किलोहर्ट्झवरच असल्याने रात्री ते मधे येते. 2012 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूव्हीबीने लहरीची कला (फेज) बदलून माहिती पाठवण्याचे नवे संकेतनही जोडले. ते वाचू शकणारे घड्याळ क्षीण संकेतातही टिकते, पण जुन्या घड्याळांना त्याचा लाभ नाही.

गोंगाट शोधणे

मोबाइलचे चार्जर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, डिमर, टीव्ही, सौर इन्व्हर्टर यांतले स्विचिंग सर्किट नेमके याच पट्ट्यात खरखर सोडते. बॅटरीवरचा एएम रेडिओ 530 किलोहर्ट्झजवळ, स्टेशन नसलेल्या जागी लावून खोलीभर फिरवावा. जिथे खरखर वाढते तिथे एकेक प्लग काढून पाहावा, म्हणजे दोषी वस्तू सापडते. अशा वस्तूपासून घड्याळ निदान दीड-दोन मीटर दूर असावे.

बाहेरची कॉइल

जागा बदलूनही जमले नाही तर 60 किलोहर्ट्झला जुळवलेली कॉइल शेजारी उभी करता येते. तिला वीज लागत नाही आणि घड्याळाला तार जोडावी लागत नाही. 60 सेंटिमीटर बाजूच्या लाकडी चौकटीवर इनॅमलच्या तांब्याच्या तारेचे 23 वेढे जुडीसारखे एकत्र घातले की प्रेरण सुमारे 1 मिलीहेन्री होते. तार साधारण 55 मीटर लागते, जाडी अर्धा मिलिमीटर पुरे. 1 मिलीहेन्रीसाठी सुमारे 7,000 पिकोफॅरड धारिता हवी. वेढ्यांच्या जुडीची जाडी बदलली की प्रेरणही बदलते, म्हणून 5,600 चा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर पक्का लावावा, पुढे 470 आणि 220 चे तुकडे समांतर जोडत जावे आणि शेवटची जुळणी जुन्या रेडिओतल्या गँग कंडेन्सरने (फिरवून धारिता बदलता येणाऱ्या कपॅसिटरने) करावी. साधे डिस्क सिरॅमिक कपॅसिटर तापमानाबरोबर सरकतात आणि जुळणी बिघडते. डीसीएफ77 साठी याच कॉइलला सुमारे 4,200 पिकोफॅरड लागतात.

चौकटीची कड केंद्राकडे असावी आणि घड्याळातली दांडी कॉइलच्या अक्षाच्या रेषेत यावी. म्हणजे चौकट भिंतीला काटकोनात, घड्याळाच्या बाजूला उभी राहते. अंतर 10 ते 30 सेंटिमीटर. कॉइल फार जवळ आणली तर दोन्ही जुळण्या एकमेकींना ढकलतात आणि संकेत उलट कमी होतो. मात्र कॉइल गोंगाटही वाढवते, त्यामुळे चार्जर न हलवता ती बसवून काहीच साधत नाही.

भारतात

भारतात असे दीर्घतरंगी वेळ-केंद्र नाही. त्यामुळे अमेरिकेहून पुण्याला आणलेल्या घड्याळाला कोणतीही कॉइल लावली तरी ते वेळ पकडणार नाही. इंटरनेटवरून वेळ घेऊन तोच संकेत अगदी जवळून निर्माण करणारे मायक्रोकंट्रोलरचे छोटे सर्किट हाच उपाय. त्याची पोच काही सेंटिमीटरच ठेवावी. डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी जागतिक वेळ पाठवते आणि घड्याळ त्यातून आपल्या झोनचा फरक वजा करते. झोन 'ईस्टर्न' ठेवला असेल तर सर्किटने जागतिक वेळेच्या 10 तास 30 मिनिटे पुढची वेळ पाठवावी लागते, तेव्हा भारतीय वेळ दिसते. उन्हाळी वेळेची सोय बंद ठेवावी, नाहीतर घड्याळ एक तास पुढे जाऊ शकते.