वेगवान क्लबात गेलं की वेग वाढतो?

"ज्या क्लबातले लोक सर्वांत जोरात पळतात तोच निवडा, त्यांच्यामागे पळून वेग आपोआप वाढतो," हा सल्ला पुण्यात नवख्या धावपटूंना सर्रास मिळतो. लांब पल्ल्यासाठी तो चुकीचा आहे.

४२.१९५ किलोमीटरची मॅरेथॉन जवळजवळ पूर्णपणे ऑक्सिजनच्या जोरावर पळली जाते. त्यासाठी स्नायूंतल्या केशवाहिन्या (रक्ताच्या अतिसूक्ष्म नळ्या) आणि मायटोकाँड्रिया (पेशींत ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारे घटक) वाढावे लागतात, आणि ते मुख्यतः गप्पा मारता येतील अशा संथ, लांब पळण्यातून वाढतात. जागतिक दर्जाचे मॅरेथॉनपटूही आठवड्यातले बहुतांश किलोमीटर असेच पळतात. रोज दुसऱ्याच्या वेगाशी झटलं की थकवा साचतो, नडग्या दुखू लागतात आणि चांगला धावपटू पळणंच सोडतो. याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून क्लबची पदकं मोजण्याऐवजी रविवारच्या लाँग रनला एकदा जाऊन बघा. वेगानुसार गट आहेत का? सर्वांत मागे असणाऱ्याच्या सोबत कुणी राहतं का? नवख्यांना पहिल्याच आठवड्यात वेताळ टेकडीच्या चढावर पळवतात का? अंतरही बघा: हडपसरहून पहाटे पाचला पाषाण गाठणं पावसाळ्यात टिकणं अवघड. वेगाचा सराव हवाच, पण आठवड्यातून एखाद-दोन दिवस, आणि आपल्या कुवतीनुसार.