एका बिटाची वाचा

२८ फेब्रुवारीला सांगलीतल्या एका शाळेचं विज्ञान प्रदर्शन पाहायला गेलो होतो. नववीतल्या दोन मुलींनी छापील मजकूर मराठीत वाचून दाखवणारं उपकरण मांडलं होतं. काम नेटकं होतं. मागच्या तक्त्यावर मात्र ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे संगणकाला वाचा फुटली.' त्यांतली एक मला म्हणाली, "सर, पूर्वीचे कॉम्प्युटर मुकेच होते ना? नुसते टूं टूं वाजायचे."

हा समज आता सर्रास दिसतो. संगणकाला वाचा फुटली त्याला साठ वर्षं उलटून गेली. १९६१ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत आयबीएम ७०४ या खोलीभर पसरलेल्या संगणकाने बोलून आणि गाऊन दाखवलं होतं. १९७८ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं 'स्पीक अँड स्पेल' हे खेळणं आलं, त्यात तर बोलण्याचं सगळं गणित एका चिपमध्ये मावलं होतं. पण मला सांगायचंय ते याहून साध्या यंत्राबद्दल. त्यात बोलण्याची चिप नव्हती आणि आवाज कमीजास्त करण्याचीही सोय नव्हती. एवढं असून ते बोललं, आणि ते का बोलू शकलं याचं कारण मला अजूनही थक्क करतं.

१९८८ च्या उन्हाळ्यात मामा मस्कतहून आला तेव्हा त्याने एक छोटा कलर टीव्ही आणि झेडएक्स स्पेक्ट्रम आणला. १९८२ साली इंग्लंडात निघालेलं हे मशीन, रबरी बटणांचं आणि वहीपेक्षाही लहान. मेमरी ४८ के, आत झेड-८० प्रोसेसर, त्याचे सेकंदाला ३५ लाख ठोके. गावभागातल्या आमच्या माडीवर, पंख्याखाली सतरंजी टाकून मी आणि मामा दिवसभर त्याच्यासमोर बसायचो. प्रोग्राम कॅसेटवर साठवायचा, कॅसेटवरूनच भरायचा. टेपरेकॉर्डरच्या इअरफोनच्या भोकातून वायर काढून ती कॉम्प्युटरच्या 'इअर' लिहिलेल्या भोकात घालायची.

या मशीनचा आवाज म्हणजे आतला एक चिमुकला स्पीकर. त्याला प्रोसेसरकडून एकच बिट जातो. बिट १ झाला की पडदा एका बाजूला ओढला जातो, ० झाला की सुटतो. थोडासा ओढला, अर्धा ओढला, असलं काही नाही. कॅसेट ऐकणारं भोकही तसंच. आत येणारी लहर ठरावीक पातळीच्या वर आहे की खाली, एवढंच ते सांगतं.

मामा म्हणाला, "कानात एक बिट, तोंडात एक बिट. कानात आलेलं तसंच तोंडावाटे सोडलं तर?"

आमचा प्रोग्राम एवढ्यावरच उभा राहिला. सेकंदाला ८००० वेळा कानात डोकवायचं, दिसेल तो बिट उचलायचा, आठ बिट जमले की एक बाइट मेमरीत ठेवायचा. वाजवताना तेच उलट. म्हणजे एका सेकंदाच्या बोलण्याला १००० बाइट. आमचा प्रोग्राम आणि इतर गोष्टी वगळून ३०,००० बाइट हाताशी होते, म्हणजे अर्धा मिनिट बोलणं. नेहमीच्या पद्धतीने प्रत्येक वेळी लहरीची उंची आठ बिटांत नोंदली असती तर चार सेकंदही मावले नसते.

हे बेसिक या मशीनच्या सोप्या भाषेत जमत नाही, बेसिक फार हळू चालतं. मशीन कोडच, म्हणजे प्रोसेसरला थेट कळणाऱ्या आज्ञा, लिहावा लागतो आणि तिथे ठोके मोजावे लागतात. ३५ लाखांना ८००० ने भागलं की ४३७ ठोके येतात. तेवढ्यात एक बिट उचलून पुढच्याची तयारी झालीच पाहिजे. भोक वाचायला ११ ठोके. हवा तो बिट डावीकडे सरकवून बाहेर काढायला ४ आणि ४. तो बाइटमध्ये ढकलायला ८, आठ झाले का ते पाहायला ४, उडी मारून परत यायला १०, वेळ घालवायच्या फेऱ्यांचा आकडा भरायला ७, आणि हिशेब जुळावा म्हणून काहीच न करणारी ४ ठोक्यांची एक आज्ञा. झाले ५२. उरलेले ३८५ ठोके नुसते घालवायचे. त्यासाठी 'एक वजा कर, शून्य झालं नसेल तर परत फिर' ही आज्ञा ३० वेळा फिरवायची. एका फेरीला १३ ठोके, शेवटच्या फेरीला ८. एकोणतीस तेरे ३७७, अधिक ८, बरोबर ३८५! मामाने हे पाठकोऱ्या कागदावर मांडलं तो कागद माझ्याकडे अजून आहे. आणखी एक मेख होती. मेमरीचा खालचा १६ के भाग टीव्हीचं चित्र काढणारी चिपही वापरते आणि त्या वेळी प्रोसेसरला ताटकळत ठेवते. तिथे प्रोग्राम ठेवला तर ठोके विस्कटतात. म्हणून सगळं ३२७६८ या पत्त्याच्या वर.

दोनदा ऐन वेळी लाइट गेली आणि सगळं पुन्हा टाइप करावं लागलं. तिसऱ्यांदा मात्र ताईच्या आवाजातला कॅसेटवरचा 'सांगली' हा शब्द त्या स्पीकरमधून बाहेर आला. घोगरा, चिरका, पण स्पष्ट 'सांगली'.

आता खरा प्रश्न. लहरीची सगळी उंची फेकून दिली, फक्त 'वर की खाली' ठेवलं, तरी शब्द कसा उरतो?

मिरजेचा तंबोरा आठवा. त्यातली एकच तार घ्या, एकच सूर. घोडीवरचा दोरा केसभर सरकवला की जवारी उघडते आणि आवाजाचा रंगच पालटतो. सूर तोच असतो, त्याच्या अंगातल्या वरच्या स्वरांची जमवाजमव बदलते. (रामन यांनी १९२१ मध्ये याच घोडीचा अभ्यास केला होता. तार जिथे छेडली जाते त्यावरून जे वरचे स्वर उमटायलाच नकोत, तेही तंबोऱ्यात ऐकू येतात, हे त्यांनी दाखवलं.) आपल्या तोंडातही असंच घडतं. स्वरतंतू एक सूर धरतात आणि तोंडाची पोकळी त्यातल्या काही कंपनांना उचलून धरते. 'आ' म्हणताना सेकंदाला साधारण ७०० आणि ११०० च्या आसपासची कंपनं उठून येतात, 'ई' म्हणताना ३०० आणि २३०० च्या. या जोडीवरून आपण 'आ' की 'ई' ते ओळखतो. आवाज किती मोठा आहे त्यावरून नाही. कुजबुजलेला 'आ' आणि गल्लीच्या टोकावरून मारलेल्या हाकेतला 'आ', दोन्ही 'आ'च.

ही कंपनं लहरीत कुठे लपलेली असतात? लहर ती ठरावीक पातळी, म्हणजे मधली रेघ, कधी ओलांडते, त्या वेळांत. डोंगर कापून टेकडी केली आणि टेकडी कापून नुसता चौकोनी ठोकळा केला, तरी तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते बदलत नाही. आमचा एक बिट नेमकं तेवढंच टिपत होता.

लिकलायडर आणि पोलॅक या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये हे मोजून पाहिलं होतं. अशा पूर्ण छाटलेल्या आवाजात लोकांना दहातले सातेक शब्द कळत. छाटण्याआधी लहरीतली बारीक, वेगवान कंपनं उठावदार केली तर दहातले नवाहून जास्त. आम्हाला हा प्रयोग ठाऊक नव्हता. आमच्या टेपरेकॉर्डरला आवाजाच्या बटणाशेजारी टोनचं बटण होतं. एका दुपारी मामाने ते सहज ट्रेबलकडे पूर्ण फिरवलं, आणि तोंडावर हात धरून बोलल्यासारखी वाटणारी ताई एकदम मोकळी बोलू लागली. कारण असं, की खालचं कंपन जोरकस असतं. ते लहरीला लांब लांब वर-खाली नेतं आणि त्याच्या पाठीवरची वरच्या कंपनाची लव मधल्या रेघेपर्यंत पोचतच नाही. छाटताना ती पार नाहीशी होते. खालचा जोर कमी केला की लव रेघेला शिवू लागते, आणि जे शिवलं ते नोंदलं गेलं.

हे आम्ही डोळ्यांनीही पाहिलं. स्पीकरचा बिट ज्या वाटेने जातो त्याच वाटेने टीव्हीवरच्या किनारीचा रंगही जातो. बिट १ असेल तेव्हा २२ हा आकडा पाठवायचा, किनार पिवळी. ० असेल तेव्हा १ पाठवायचा, किनार निळी. ताई 'आ' म्हणाली की दहा-बारा रेषांचे जाड पट्टे. 'स' म्हणाली की किनारभर वाळू उधळल्यासारखी बारीक रेघोटी. वर्णमालेतले स्वर आणि ऊष्मे असे रंगात वेगळे झालेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

मग डोक्यात आलं, कॉम्प्युटरला उजळणी म्हणायला लावू. इथे मराठीने अडवलं. इंग्रजीत १ ते ९९ म्हणायला २७ शब्द पुरतात, एकोणीसपर्यंतचे आणि पुढे आठ दहाई. मराठीत प्रत्येक आकड्याचं नाव स्वतंत्र. एका नावाला पाऊण सेकंद धरला तरी शंभर नावांना ७५,००० बाइट, आणि आमच्याकडे ३०,०००. मग शब्द कापून जोडायचं ठरवलं. 'चाळीस' एकदाच ठेवायचा आणि त्याआधी एक्के, बे, त्रे, चव्वे, पंचे, सेहे, सत्ते, अठ्ठे.

बेचाळीस झकास जमलं. जोड कळलाच नाही. बावीस मात्र 'बा-टक्-वीस' असं उसवून आलं. दोन दिवस डोकं खाजवल्यावर उमगलं. 'च' उच्चारण्याआधी जीभ टाळूला टेकते आणि क्षणभर आवाज पूर्ण थांबतो. त्या शांततेत कात्री चालवली तर कुणाला पत्ता लागत नाही. 'तीस'चंही तसंच. 'व' मात्र वाहता आहे, शाळेत शिकतो तो अंतस्थ. मागचा स्वर त्यात विरघळत जातो आणि सांधा म्हणून कुठे सापडतच नाही. क ते म या पंचवीस अक्षरांना व्याकरणकारांनी 'स्पर्श' हे नाव का दिलं ते मला त्या दिवशी कळलं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातल्या बावीस, त्रेसष्टऐवजी 'वीस दोन', 'साठ तीन' म्हणण्यावरून वाद झाला तेव्हा मला हीच बावीसची रात्र आठवली. त्या पद्धतीने आमचं काम एका दुपारचं होतं. तरी पण 'बावीस' मी सोडला नसता.

चाचणीला आजी. ती माजघरात गहू निवडत होती. मी तिला आधीच सांगितलं, "आजी, आता सत्तेचाळीस म्हणेल बघ." ती म्हणाली, "हो रे, स्वच्छ म्हणालं." मामा रागावला. "आधी सांगितलंस तर तिला ऐकू येणारच. चिठ्ठ्या कर." वीस शब्दांच्या चिठ्ठ्या केल्या, न सांगता वाजवल्या. तेरा बरोबर आले. 'कान' तिला 'पान' ऐकू आलं, कारण क, त, प यांचा फुटण्याचा क्षण फार छोटा, त्याच्या वाट्याला मोजके बिट येतात. 'गाय' आणि 'आई' पहिल्या फटक्यात. शेवटी म्हणाली, "पोरीला पडसं झालंय काय? नाकात बोलतीय."

मामाच्या त्या रागाचं मोल पुढे कळलं. अर्धवट आवाजात मेंदू अपेक्षेप्रमाणे अक्षरं भरतो. रात्रीच्या रिकाम्या वाड्यात टेप चालू ठेवून खरखरीत मेलेल्या माणसाचं नाव 'ऐकवणारे', मूर्तीतून शब्द आला म्हणून व्हिडिओ फिरवणारे, सगळे आधी शब्द सांगतात आणि मग आवाज ऐकवतात. एकदा सांगितलेला शब्द कानातून काढता येत नाही. त्यावर उपाय चिठ्ठ्यांचाच. न सांगता ऐकवा, दहा जणांना वेगवेगळं बसवून लिहायला सांगा. मृतात्म्याचं नाव दहा कागदांवर दहा प्रकारांनी येईल. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनीही लोकांना असे दावे तपासून पाहायला शिकवलं.

प्रदर्शनातल्या त्या मुलींना मी घरी करायचा एक प्रयोग सांगून आलो. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर घ्यायचं. आपल्या आवाजात वीस शब्द रेकॉर्ड करायचे. आधी खालची कंपनं कमी करायची, मग आवाज इतका वाढवायचा की लहरीचा माथा नि तळ दोन्ही सपाट होऊन नुसते ठोकळे उरतील. तो आवाज हेडफोन लावून ऐकायचा नाही, कारण तो फार मोठा असतो. बटण अगदी हळू ठेवायचं, आणि ऐकायला अशा कुणाला तरी बसवायचं ज्याने शब्दांची यादी पाहिलेली नाही. परवा त्यांच्या बाईंचा फोन आला. वीसपैकी चौदा बरोबर आले, आणि 'कान'चं पुन्हा 'पान' झालं.