पाद्र्याच्या हाती घमेलं: आयोना आणि खानदेशातली मंडळी

सुरत-भुसावळ मार्गावरचं नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. हद्द फलाटावरून जाते. लोक तिथल्या बाकावर बसून फोटो काढतात, एक माणूस या राज्यात, दुसरा त्या राज्यात. पण याच भागातून आणखी एक हद्द जाते. ती कुठल्या पाटीवर लिहिलेली नाही आणि राज्यं होण्याच्या कितीतरी आधीची आहे. ती मिशनांनी आखलेली हद्द.

इंग्रजी अमदानीत परदेशी मिशनांनी आपापसांत मुलूख वाटून घेतला होता. एकाच गावात दोन मिशनांनी ओढाताण करू नये, हा हेतू, आणि तो वाईट नव्हता. खानदेशात पश्चिमेकडे, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबारकडे, स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आलं. स्वीडनमध्ये जन्मलेल्या फ्रेडरिक फ्रान्सन यांनी ते १८९० साली शिकागोत सुरू केलं होतं. पूर्वेकडे भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या पट्ट्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचं काम होतं. नवापूर ओलांडून व्यारा आणि डांगातल्या आहव्याकडे गेलं की चर्च ऑफ द ब्रेदरन. परिणाम असा, की मावची किंवा भिल्ल आदिवासी माणूस ख्रिस्ताकडे वळला तर तो कुठल्या पंथाचा होणार हे त्याचं गाव ठरवत होतं. अमेरिकेत आणि युरोपात झालेल्या वादांची वारसदारी त्याच्याकडे आली, आणि ते वाद काय होते हे त्याला कुणी विचारलंही नव्हतं, सांगितलंही नव्हतं.

दर जानेवारीत १८ ते २५ या तारखांना ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना-सप्ताह असतो. त्या दिवसांत आमच्याकडे आयोना, तेझे या ख्रिस्ती समुदायांची नावं निघतात आणि तरुण मुलं विचारतात, हे लोक कोणत्या मंडळीचे, म्हणजे कोणत्या चर्चचे? उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून ही पार्श्वभूमी.

आयोना हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळचं छोटं बेट. ५६३ साली कोलंबा नावाचा आयरिश साधू बारा सोबत्यांना घेऊन तिथं उतरला आणि त्यानं मठ उभारला. पुढे धर्मसुधारणेच्या काळात तो बंद पडला, इमारती ढासळल्या. १८९९ मध्ये जमीनमालक ड्यूक ऑफ अर्गाइल यांनी ते अवशेष एका विश्वस्त संस्थेच्या हवाली केले आणि तिथं सगळ्या ख्रिस्ती पंथांना उपासना करता यावी अशी अपेक्षा घातली. चर्चची डागडुजी १९१० पर्यंत झाली. साधूंच्या राहण्याच्या इमारती मात्र तशाच पडून होत्या.

आता ग्लासगोकडे यावं लागेल. तिथल्या गोवन भागात जहाजबांधणीचे कारखाने होते, आणि १९३० नंतरच्या मंदीत तिथले हजारो कामगार घरी बसले. या वस्तीत १९३० साली जॉर्ज मॅक्लाउड पाळक म्हणून आले. घराणं मोठं. आजोबा नॉर्मन मॅक्लाउड हे राणी व्हिक्टोरियाचे धर्मगुरू, आणि १८६७ मध्ये स्कॉटिश मिशनचं काम पाहायला हिंदुस्थानातही येऊन गेलेले. खुद्द जॉर्ज पहिल्या महायुद्धात लढले, शौर्यपदक मिळवलं, आणि पुढे ठाम युद्धविरोधी झाले. गोवनमध्ये त्यांना एक गोष्ट टोचत राहिली: आपण व्यासपीठावरून जे बोलतो ते खाली बसलेल्या बेकार माणसापर्यंत पोचतच नाही. मग मंडळीतल्या बेकार माणसांना घेऊन त्यांनी शहराबाहेरची एक पडकी गिरणी दुरुस्त केली. पुढच्या सगळ्याचं बीज माझ्या मते त्या गिरणीत आहे.

१९३८ मध्ये त्यांनी गोवनची चांगली जागा सोडली आणि आयोनावर गेले. सोबत बेकार गवंडी, सुतार आणि पाळकपदाचं शिक्षण घेणारे तरुण. ठरलं असं, की मठाच्या इमारती पुन्हा बांधायच्या. इथं एक उलटापालट झाली, जी वाचताना मला आजही थांबावंसं वाटतं. दगड कसा बसवायचा हे गवंड्याला ठाऊक. ग्रीक शिकून आलेल्या तरुणाला घमेलंही नीट धरता येत नव्हतं. त्यामुळे पाळक झाला बिगारी आणि गवंडी झाला गुरू. सकाळ-संध्याकाळ सगळे एकत्र प्रार्थनेला बसत, एकाच टेबलावर जेवत. उन्हाळा बेटावर घालवायचा आणि मग तरुण पाळकांनी शहरातल्या गरीब वस्त्यांत कामाला जायचं, असा क्रम होता.

स्कॉटलंडच्या चर्चमध्ये अनेकांना हे पटलं नाही. मठ म्हटल्यावर प्रॉटेस्टंटांना रोमचा वास आला, कामगार आणि शांतता म्हटल्यावर मॉस्कोचा. युद्धाच्या काळात लाकूड मिळणं कठीण झालं, तरी काम चालू राहिलं, आणि १९६५ मध्ये इमारती पुऱ्या झाल्या.

या आयोना समुदायाचे सदस्य बेटावर राहत नाहीत. बहुतेक जण आपापल्या गावी, आपापल्या नोकरीत असतात. प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन, कॅथलिक, क्वेकर, कुणी आपली मंडळी सोडत नाही. त्यांना बांधतो तो एक नियम: रोजची प्रार्थना आणि बायबलवाचन, पैशाचा वाटा आणि हिशेब, वेळेचं नियोजन, न्याय, शांती आणि सृष्टीच्या जपणुकीसाठी काम, आणि एकमेकांना भेटून जाब देणं. यातला पैशाचा हिशेब सर्वांत अवघड. दशांश आपल्या मंडळ्यांतही देतात, पण उरलेले नऊ भाग कुठे गेले हे कुणी विचारत नाही. इथं सदस्य लहान गटांत बसतात आणि कमाई कशी खर्च केली ते एकमेकांसमोर मांडतात. ज्याला मोकळेपणानं हिशेब दाखवता येतो त्याच्याशी पंथावरून भांडण होणं कठीण जातं, असं मला वाटतं.

सुरुवातीला हा पुरुषांचाच समुदाय होता. पहिली स्त्री सदस्य १९६९ मध्ये आली आणि २००२ मध्ये कॅथी गॅलोवे या नेतृत्व करणाऱ्या पहिल्या स्त्री झाल्या. समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांनाही तिथं उघडपणे जागा आहे. आपल्याकडच्या अनेक मंडळ्यांना हे अजून पचणार नाही, पण समावेशक हा शब्द ते पूर्ण अर्थानं वापरतात, हे सांगायलाच हवं.

तेझेची गोष्ट थोडक्यात. १९४० मध्ये स्वित्झर्लंडचे ब्रदर रॉजर फ्रान्समधल्या तेझे या खेड्यात आले, ज्यूंसह निर्वासितांना त्यांनी आसरा दिला. १९४९ मध्ये पहिल्या सात बंधूंनी आयुष्यभराचं व्रत घेतलं.

हे सगळं तिकडचं आणि आपण फक्त ऐकणारे, असं मात्र नाही. आयोना समुदायाच्या कितीतरी आधी, १९१७ साली, ना. वा. टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही ख्रिस्तभक्त त्यात येऊ शकत होते. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार फार टिकला नाही, पण त्यांची भजनं मुलूखवाटणीच्या सगळ्या रेषा ओलांडून मराठी मंडळ्यांत पोचली. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती सदन उभारलं तेव्हा दुष्काळातून आणलेल्या मुलींना त्यांनी आधी अन्न, अक्षर आणि हातचं काम दिलं. १९२२ मध्ये इंग्रज मिशनरी जॅक विन्स्लो यांनी ख्रिस्त सेवा संघ काढला. त्याचा आश्रम पुण्यात झाला, तिथं भारतीय आणि इंग्रज एका पंगतीत बसत. तरुण इंग्रज पाद्री व्हेरियर एल्विन तिथं १९२७ मध्ये आले, गांधीजींकडे ओढले गेले आणि शेवटी सहकारी शामराव हिवाळे यांच्यासह आजच्या मध्य प्रदेशातल्या मंडल्याच्या गोंडांत जाऊन राहिले. पुढे १९७२ मध्ये त्याच आश्रमात अँग्लिकन आणि कॅथलिक भगिनी एकत्र राहू लागल्या. त्यातल्या अँग्लिकन भगिनी इंग्लंडमधल्या वाँटेजच्या, म्हणजे १८८३ मध्ये रमाबाईंचा बाप्तिस्मा जिथं झाला त्याच संघाच्या.

आणि खानदेश? मॅक्लाउड गोवन सोडत होते त्याच १९३८ साली साने गुरुजी अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढत होते आणि गिरणी कामगारांत वावरत होते. दोघांची गाठ कधी पडली नाही. पण गिरणीच्या भोंग्याजवळ उभं राहून देवाचं नाव घेणं दोघांनाही विसंगत वाटलं नाही. १९७१-७२ मध्ये शहाद्याला आदिवासींच्या जमिनींचा प्रश्न पेटला तेव्हा आदिवासी कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती पुढे आले, सर्वोदयाची माणसं आली, श्रमिक संघटना उभी राहिली. नेतृत्व मंडळ्यांतून आलं नाही. मंडळ्यांनी शाळा चालवल्या, चिंचपाड्याचा दवाखाना चालवला, आणि त्या दवाखान्यानं किती जीव वाचवले हे इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. जमिनीचा प्रश्न मात्र प्रार्थनेच्या बाहेर राहिला, याचं मला दुःख आहे.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात ब्रेदरन होते, अलायन्सच्या मंडळ्या नव्हत्या. म्हणजे नवापूरच्या पलीकडचे गामित आदिवासी ख्रिस्ती नव्या ऐक्यात गेले आणि अलीकडचे मावची बाहेर राहिले. हद्दीच्या दोन्ही अंगांना बोली जवळची, सोयरिक जुनी. मुलगी त्या बाजूला दिली की तिची मंडळी बदलते, आणि जानेवारीत ती माहेरी आली तर प्रभुभोजनाला बसायचं की नाही हा प्रश्न ती पाळकाला विचारत नाही, आईला विचारते. आई म्हणते, बस.