मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही

रत्नागिरी-सिंधुदुर्गात अजून सर्रास ऐकू येतं, ‘स्टॅम्पपेपर नाही, नोंदणी नाही, मग मृत्युपत्र कसलं?’ या समजापायी कित्येक माणसं काहीच न लिहिता जातात आणि सातबाऱ्यावर वारसांची रांग लागते. फार वाईट वाटतं.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, हाताने लिहिलेलंही. त्याला मुद्रांक शुल्क नाही. नोंदणी ऐच्छिक आहे. पुढे कोणी शंका घेतली तर ती उपयोगी पडते, म्हणून जमलं तर जरूर करावी. भारतीय वारसा कायदा, 1925, कलम 63 प्रमाणे हवी ती करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदार. साक्षीदारांनी त्याला सही करताना पाहिलेलं हवं, किंवा ‘ही सही माझीच’ असं त्याच्या तोंडून ऐकलेलं हवं; मग त्यांनी त्याच्यासमोर सह्या करायच्या. (मुस्लिम कुटुंबांना त्यांचा वैयक्तिक कायदा लागू होतो.)

सामाईक आगर (नारळ-पोफळीची बाग) असेल तर हिंदू माणूस आपल्या हिश्श्यापुरतंच लिहू शकतो. ‘माझी जमीन मुलांना’ एवढ्यावर थांबू नका. गट नंबर घाला, विहीर-पायवाटेचं स्पष्ट करा.

आणि सोबत वेगळं पत्र लिहा: बागेतलं कुठलं कलम कोणी बांधलं, गणपतीचा पाट कोणाकडे राहावा, धाकटीला आजीचीच नथ का. त्याला साक्षीदार लागत नाहीत. मन बदललं तर मृत्युपत्र हयातीत कधीही बदलता येतं. नव्यात ‘आधीचं रद्द’ हे लिहा, तारीख घाला आणि कागद कुठे ठेवलाय ते घरात सांगून ठेवा.