सनस्क्रीन, वैद्यकीय चिठ्ठीवरील

सनस्क्रीन, वैद्यकीय चिठ्ठीवरील : उजेडाने ज्यांचा त्वचाविकार उद्भवतो किंवा बळावतो अशा रुग्णांना डॉक्टरांनी औषध म्हणून लिहून दिलेला सूर्यरक्षक लेप. प्रस्तुत नोंद ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील (एनएचएस) पद्धतीपुरती आहे. तेथे सनस्क्रीन हे एरवी सौंदर्यप्रसाधन गणले जाते आणि कोणालाही दुकानात मिळते. मात्र ठरावीक निदान असेल तर तोच लेप सरकारी खर्चाच्या चिठ्ठीवर देता येतो. अशा दुहेरी स्वरूपाच्या वस्तूंना तेथील औषधव्यवस्थेत ‘सीमारेषेवरील पदार्थ’ म्हणतात. खास आहार आणि पोषणपेये याच वर्गात येतात.

उगम : सनस्क्रीन प्रथम कोणी बनवले याबद्दल एकमत नाही. लोरेआल कंपनीचे संस्थापक यूजेन श्यूलर यांचे १९३५ वा १९३६ मधील तेल, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्लॉरिडातील औषधविक्रेते बेंजामिन ग्रीन यांनी केलेले लाल पेट्रोलेटमचे (व्हॅसलीनसारख्या पदार्थाचे) मलम आणि रसायनतज्ज्ञ फ्रांट्स ग्रायटर यांचे हिमनदीवर वापरायचे मलम (सामान्यतः १९४६, क्वचित १९३८) असे तीन दावे वारंवार मांडले जातात. ऑस्ट्रेलियातही १९३० च्या दशकात असे लेप विक्रीस होते. हे सारे दावे निरोगी त्वचेच्या, म्हणजे समुद्रकिनारा, गिर्यारोहण वा सैनिकी वापराच्या संदर्भातले आहेत. त्वचाविज्ञानाच्या इतिहासकारांनी पुढे आणलेला क्रम याहून बराच जुना असून तो अधिक ग्राह्य वाटतो. १८७८ च्या सुमारास ओटो व्हायल यांनी उन्हाने उठणाऱ्या इसबावर टॅनिन या तुरट वनस्पतिजन्य द्रव्याचा लेप सुचवला. तो त्वचेवर डाग पाडत असल्याने मागे पडला. १८८९ मध्ये स्वीडिश नेत्रतज्ज्ञ योहान एरिक विडमार्क यांनी त्वचा भाजते ती उष्णतेने नव्हे, तर जंबुपार (अतिनील) किरणांनी, हे प्रयोगाने दाखवले. त्यानंतर दोनच वर्षांनी श्टुटगार्टचे फ्रीड्रिख हामर यांनी क्विनीनयुक्त मलमाची शिफारस केली. विसाव्या शतकाच्या आरंभी हांबुर्गचे पाउल उना यांनी हॉर्स चेस्टनट या वृक्षापासून मिळणाऱ्या एस्क्युलिनच्या संयुगाचा लेप प्रचारात आणला. यावरून सनस्क्रीन आधी रुग्णांसाठी बनले व सहलीच्या पिशवीत नंतर गेले, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे. चिठ्ठीवर मिळणारे सनस्क्रीन ही कल्याणकारी राज्याने दिलेली सवलत नसून त्या लेपाचा मूळ उपयोगच आहे, असे या नोंदीचे मत आहे.

एसपीएफ (सन प्रोटेक्शन फॅक्टर), म्हणजे लेपाचे संरक्षण किती पट हे सांगणारा आकडा; या मापनाचे श्रेय बहुधा ग्रायटर यांना (१९७४) दिले जाते. मात्र संरक्षणाचे गुणोत्तर मोजण्याची पद्धत जर्मनीत रुडॉल्फ शुल्झे यांनी १९५६ मध्येच मांडली होती. ग्रायटर यांनी तिला आजचे नाव दिले आणि ती रूढ केली.

विकार व तरंगलांबी : जमिनीवर पोहोचणाऱ्या जंबुपार किरणांचे सुमारे २९० ते ३२० नॅनोमीटरचे बी आणि ३२० ते ४०० नॅनोमीटरचे ए असे दोन पट्टे मानतात. एसपीएफचा आकडा मुख्यतः बी किरणांमुळे येणाऱ्या लालीवर बेतलेला आहे. ए किरण खिडकीच्या साध्या काचेतून बऱ्याच प्रमाणात आत येतात. त्यामुळे घरात वा मोटारीत बसलेल्या रुग्णालाही लेप लावावा लागतो.

झेरोडर्मा पिगमेंटोझम हा या गटातील सर्वांत गंभीर आनुवंशिक विकार. फेर्डिनांड हेब्रा व मोरिट्झ कापोसी यांच्या ग्रंथातील त्याचे वर्णन काही लेखक १८७० चे, तर बहुतेक १८७४ चे मानतात. १९६८ मध्ये जेम्स क्लीव्हर यांनी या रुग्णांच्या पेशींना जंबुपार किरणांनी बिघडलेला डीएनए दुरुस्त करता येत नाही हे दाखवून दिले. संरक्षण न मिळाल्यास त्वचेचा पहिला कर्करोग बहुधा वयाच्या दहा वर्षांच्या आतच होतो. काही उपप्रकारांत त्वचा सहज भाजत नाही, त्यामुळे निदान लांबते आणि तोवर बालकाच्या चेहऱ्यावर दाट ठिपके उमटलेले असतात. येथे लेप हा संरक्षणाचा एक थर असतो. त्याच्या जोडीला पूर्ण अंगभर कपडे, चेहऱ्यासमोर किरणरोधक मुखपट आणि खिडक्यांवर पारदर्शक किरणरोधक फिल्म लागते.

इरिथ्रोपोएटिक प्रोटोपॉर्फिरिया या विकाराची गोष्ट निराळी असून सनस्क्रीनच्या निवडीतला खरा पेच तेथे आहे. त्याचे पहिले वर्णन म्हणून इयान मॅग्नस व सहकाऱ्यांचा १९६१ चा लेख सांगितला जातो. कोसेनाव व ट्राइब्स यांनी १९५३ मध्येच असा रुग्ण नोंदवला होता, हे जर्मन साहित्यातून दिसते. तरीही विकाराची स्वतंत्र ओळख मॅग्नस यांच्या लेखाने पटली, हे मत बहुमान्य आहे. मॅग्नस व सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये वर्णिलेल्या मोनोक्रोमेटरने, म्हणजे एका वेळी एकाच तरंगलांबीचा प्रकाश सोडणाऱ्या उपकरणाने, कोणता प्रकाश त्रास देतो हे रुग्णाच्या त्वचेवरच तपासता येऊ लागले. या रुग्णांच्या रक्तात साठणारे प्रोटोपॉर्फिरिन हे द्रव्य सुमारे ४०० ते ४१० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना दिसणारा जांभळा प्रकाश सर्वाधिक शोषते. परिणामी त्वचेत आगीसारखी जळजळ होते आणि वरून मात्र फारसे काही दिसत नाही. एसपीएफ ५० चे पारदर्शक लोशन येथे जवळजवळ कुचकामी ठरते, कारण त्यातील टायटॅनियम डायऑक्साइड इतके बारीक केलेले असते की दृश्य प्रकाश त्यातून आरपार जातो. चेहरा पांढरट दिसू नये म्हणून लेपात केलेली सुधारणा या रुग्णाच्या मुळावर येते. यावर उपाय म्हणून स्कॉटलंडमधील डंडी येथील नाइनवेल्स रुग्णालयाच्या आवारात ‘डंडी क्रीम’ बनू लागले. त्यात भरड टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड व लोहाची ऑक्साइडे असतात. बेज, कोरल पिंक व कॉफी या तीन छटा हाताच्या पाठीवर थोड्या थोड्या मिसळून त्वचेच्या रंगाशी जुळवतात व मग लावतात.

प्रकाशचाचणी : निदान नक्की करण्यासाठी रुग्णाच्या पाठीवर लहान चौकोन आखून प्रत्येकावर वेगळ्या तरंगलांबीचा, वाढत्या मात्रेचा प्रकाश सोडतात. सौर अर्टिकॅरियात (उन्हाने अंगावर पित्त उठण्याच्या विकारात) काही मिनिटांत गांधी उठतात. इतर विकारांत दुसऱ्या दिवशी लाली पाहतात. अहवालात दिसलेल्या पट्ट्याशी लेप जुळला, तरच चिठ्ठीचा उपयोग.

चिठ्ठीचे निकष : सीमारेषेवरील पदार्थांविषयीची सल्लागार समिती (एसीबीएस) मान्य लेपांची यादी ठरवते आणि ती शासकीय औषधदरपत्रिकेत छापली जाते. आनुवंशिक विकारांमुळे वा प्रकाशजन्य त्वचाविकारांमुळे आलेली असाधारण प्रकाशसंवेदनशीलता हा मुख्य निकष आहे. त्याच्या पूर्वीच्या शब्दांत कोड आणि किरणोपचारानंतरची त्वचा यांचा नावानिशी उल्लेख होता. ओठांवर वारंवार उठणारे हर्पीसचे (एका विषाणूमुळे येणारे) फोडही धरले होते. ३० पेक्षा कमी एसपीएफचा लेप सहसा लिहू नये, असा संकेत आहे. चिठ्ठीवर डॉक्टर ‘एसीबीएस’ ही अक्षरे लिहितात. निदान निकषात बसते, याची ती ग्वाही असते. ल्युपसचे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या आजाराचे) किंवा डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक, अमायोडेरोन हे हृदयाचे औषध अशा औषधांनी आलेल्या संवेदनशीलतेचे नाव त्या शब्दांत घेतलेले नव्हते, त्यामुळे ‘प्रकाशजन्य त्वचाविकार’ या शब्दांचा अर्थ किती व्यापक धरायचा, हे बरेचसे डॉक्टरांवर व स्थानिक औषध समितीवर राहत असे. ल्युपसच्या रुग्णाला उन्हाने केवळ पुरळ नव्हे तर सर्वांगीण आजारही उसळू शकतो. हे लक्षात घेता व्यापक अर्थच योग्य ठरतो. एनएचएस इंग्लंडने २०१८ मध्ये दुकानात सहज मिळणाऱ्या वस्तू चिठ्ठीवर देणे आवरते घेतले, तेव्हा सूर्यसंरक्षणही त्यात आले. मात्र एसीबीएस-मान्य प्रकाशजन्य विकारांना स्पष्ट अपवाद ठेवला. डंडी क्रीम या यादीतले नव्हे. ते परवान्याविना खास मागणीवरून बनणाऱ्या औषधांत मोडते, आणि त्याची चिठ्ठी बहुधा त्वचाविकारतज्ज्ञाच्या शिफारशीने निघते.

मात्रा : एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लेप लावतात. प्रत्यक्षात लोक त्याच्या निम्मा किंवा त्याहून कमी लावतात, आणि थर निम्मा झाला की संरक्षण निम्म्यावर वा त्याखाली उतरते. प्रौढाच्या सर्वांगाला एका वेळी सुमारे ३४ ग्रॅम लागतो. चेहरा, मान, कोपरापुढचे हात एवढेच धरले तरी सुमारे ७ ग्रॅम. दिवसातून दोनदा लावल्यास २०० मिलिलिटरची बाटली पंधरवड्यात संपते. महिन्याला एक बाटली लिहिणाऱ्या चिठ्ठीवर रुग्णाने लेप पातळ लावूनच दिवस काढायचे, असा तिचा अर्थ होतो.

खर्च : वेल्समध्ये २००७, उत्तर आयर्लंडमध्ये २०१० व स्कॉटलंडमध्ये २०११ पासून चिठ्ठीशुल्क नाही. इंग्लंडमध्ये ते मे २०२४ मध्ये दर औषधामागे ९.९० पौंड झाले. विशिष्ट आजारांमुळे शुल्कमाफी मिळते, पण त्या यादीत प्रकाशसंवेदनशील विकार नाहीत. झेरोडर्माच्या प्रौढ रुग्णाला कर्करोग झाल्यावर मात्र माफी लागू होते. दुकानातील सनस्क्रीनवर २० टक्के मूल्यवर्धित कर आहे. तो काढावा म्हणून तत्कालीन खासदार एमी कॅलाहन यांनी मोहीम चालवली. गरजू रुग्णांना चिठ्ठीवर करमुक्त सनस्क्रीन मिळतेच, असे सरकारी उत्तर आले. निकषाबाहेरच्या रुग्णांचा प्रश्न या उत्तराने सुटत नाही.

दुष्परिणाम : ऑक्सिबेंझोन, ऑक्टोक्रायलिन यांसारख्या लेपातील किरणशोषक घटकांची प्रकाशजन्य ॲलर्जी होऊ शकते. वेदनाशामक केटोप्रोफेन जेल वापरलेल्यांत ऑक्टोक्रायलिनची ॲलर्जी अधिक आढळते. म्हणून लेप लावूनही पुरळ वाढल्यास पॅच चाचणी (संशयित घटक त्वचेला चिकटवून ॲलर्जी तपासणे) करतात. ऊन कायम टाळणाऱ्यांत ड जीवनसत्त्व कमी पडते, त्यामुळे सनस्क्रीनच्या जोडीने त्याची रक्तातील पातळी तपासून पूरक मात्रा देतात.